न उगवलेलं जावळ

माझ्या हातातून अर्ध्या अकोल्याच्या हनुवट्या गेल्या आहेत. हनुवटी धरून डोकं मागं झुकवलं की सावकार काय आणि शिपाई काय, सारखेच गप्प होतात. आणि गळ्याशी वस्तरा आला की भलेभले खरं बोलायला लागतात. कोर्टातल्या शपथेवर माझा तेवढा विश्वास नाही.

या अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या धंद्यातलं काही लिहा' असा निरोप धाडला. मी न्हावी, आमच्या वऱ्हाडी बोलीत म्हाली. लिहायला मला एका शाळामास्तरांनी शिकवलं. ते दाढी फुकट करून घेत आणि बदल्यात अक्षरं गिरवून घेत. त्यांची दाढी भराभर वाढायची, म्हणून माझी बाराखडी लवकर झाली. जोडाक्षरांपर्यंत आलो तोवर त्यांची बदली झाली, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका त्यांच्या नावावर घाला.

शहरातल्या वाचकाला वाटतं, न्हावी म्हणजे दाढी आणि डोकं. आमच्या धोपटीत वस्तऱ्याबरोबर नखं काढायची नराणी असे, दात उपटायचा चिमटा असे, गळू फोडायचं पातं असे आणि एका मडक्यात जळवा असत. पण खरं हत्यार होतं नजर. सोयरीक जुळत आली की एका घरचा न्हावी दुसऱ्या घरी जाई. वरकरणी मान म्हणून तिथल्या पुरुषांची दाढी करी, आणि परत येऊन आपल्या मालकाला कानात सांगे: अंगावर पांढरा डाग नाही, तोंडाला घाण नाही, हिरड्या धड आहेत, दात जागच्या जागी. पत्रिका भटजी बघत, माणूस आम्ही बघत असू. पत्रिकेत छत्तीस गुण जमून आणि तोंडात सहा दात कमी असलेली लग्नं मी मोडली आहेत.

नजर एक आणि अक्कल दुसरी, हे मात्र मला फार उशिरा कळलं. अमरावतीला कापसाचा एक दलाल होता. ओठाच्या कोपऱ्यात त्याला चवलीएवढा पांढरा डाग उठला. लोक कोडाला महारोगाचा भाऊ समजतात. तो नाही. कोड दुखत नाही, झडत नाही, कुणाला लागत नाही. पण तेव्हा मला एवढी समज नव्हती आणि जीभ मात्र लांब होती. "बिब्बा लावतो, चार दिवसांत रंग येते," असं मी सांगून बसलो. बिब्ब्यानं फोड आला, फोडाची खपली पडली, आणि खपलीखालून आला तो आधीच्या चौपट पांढरा डाग. दलाल भला माणूस. आरशात बघून म्हणाला, "म्हाली, चवलीचा रुपया केला तूनं. कापसापक्षा तुह्या हाताले बरकत हाय." सगळा बाजार हसला, मीही हसलो. पण पुढं तो माणूस जन्मभर उपरणं तोंडावर धरून बोलला, हे मला अजून टोचतं.

एक कासारीण होती. आधी तिचं तोंड आलं आणि महिनाभर बरं होईना. मग पाठीवर पाण्यानं भरलेले फोड आले, आणि ते फोडायला मला बोलावलं. एका फोडाला हात लावला तर शेजारची धड दिसणारी कातडीही बोटाखाली सरकली. मी पातं परत धोपटीत ठेवलं. तिच्या नवऱ्याला म्हटलं, केळीच्या पानावर निजवा, यापुढं माझ्या हातात काही नाही. पावसाळ्याआधी ती गेली. गावानं तिच्या मागच्या जन्माची पापं शोधून काढली. मला विचाराल तर तिचं अंगच तिच्यावर उलटलं होतं, आणि यात तिचा काडीचा दोष नव्हता.

आता मुख्य गोष्टीकडं येतो. तिच्यात चूक माझी आहे, म्हणून जरा वळसा घालत होतो.

अकोल्याहून दीड कोसावर, मोर्णा नदीच्या काठच्या एका गावात माझे एक यजमान होते. नाव उकंडा. आधीची पोरं जगली नाहीत म्हणून आईनं याला उकिरड्यावर लोळवून हे नाव ठेवलेलं. त्याचा भाजीपाल्याचा मळा होता, बांधाला जुनी आमराई होती. मग तिकडं अमेरिकेत गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली आणि इकडं आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. भाव चढला तसा उकंड्याचा उकंडाजी झाला आणि उकंडाजीचा उकंडराव. उकंडरावानं वांगी-मिरची उपटून मळ्यात कापूस लावला. मग आमराई तोडून तिथंही कापूस लावला. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. घरापुढं मोठं फरसबंद अंगण केलं, कापसाच्या गंज्या लावायला. त्या अंगणात वैशाखात भाकर टाकली असती तर तव्याची गरज पडली नसती.

या घरात गिरजा सून म्हणून आली, ती माझ्या शब्दावर. लढाईच्या आधीची गोष्ट. तिचं माहेर अमरावतीजवळ. उकंड्यानं मला पाठवलं. मी तिच्या बापाची दाढी केली, आजोबाची केली, दोन काकांची केली. काय दात होते! मक्याच्या कणसासारखे भरगच्च. आजोबा सत्तरीचा, सुपारी दातानं फोडायचा. मी विचारलं, "पोरीले भाऊ नाई का?" तर बाप म्हणाला, "हाय ना. तो आजोळी राह्यते, तिवशाले. मामाचा पानमळा हाय." मी बरं म्हटलं, रोडगे आणि वांग्याची भाजी हाणली, आणि परत येऊन सांगितलं, "डोळे मिटून करा. कुळ निर्मळ हाय."

कुळ म्हणजे काय, तर बापाचं. आईच्या बाजूला कोण बघतो? आई दुसऱ्या घरून आलेली, तिचं कुळ लग्नातच पुसलं गेलं, असं आपलं सगळ्यांचं गणित. गिरजा हसताना तोंडावर पदर घ्यायची. गाव म्हणे, किती मर्यादशील पोर! मीही म्हटलं. लग्नात भाऊ दिसला नाही, तेही कुणी मनावर घेतलं नाही.

गिरजेला पहिला मुलगा झाला. वर्ष झालं तरी दात नाही, डोक्यावर नावाला केस. बायका म्हणाल्या, येतील. मग वैशाख आला. पोराचं अंग तापलं, कोरडं ठणठणीत, घामाचा थेंब नाही, आणि तीन दिवसांत पोर गेलं. त्या घरात ताप दुसऱ्या कुणालाच आला नव्हता. उकंडरावाची बायको बनाबाई म्हणजे गावातली सगळ्यात मोठी जीभ. तिनं सुनेचं नाव 'पोरखाऊ' ठेवलं. दोन वर्षांनी दुसरा मुलगा झाला, किसना, आणि तोही तसाच निघाला. मग बनाबाईनं ओसरीवर बसून साऱ्या गावाला ऐकवलं, "हे गेलं तर इलेबी धाडतो माहेरी. नामदेवाले दुसरी करून देतो." नामदेव तिचा लेक, गिरजेचा नवरा. तो कापसाच्या गाड्या घेऊन सदा वाटेवर. घरी असला तरी आईपुढं त्याचा आवाज निघत नसे.

चैत्रात किसनाचं जावळ काढायचं ठरलं. उकंडरावाला पैसा दाखवायला निमित्त हवंच होतं. पाच गावांना आवतण गेलं, वाजंत्री आली, आणि माझ्यासाठी चांदीची वाटी आणि चांदीच्या मुठीचा वस्तरा बनवून घेतला. चांदीची मूठ घामानं हातातून सटकते. हा वस्तरा बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांत कुणी दाढी केली नसावी.

जावळ मामाच्या मांडीवर काढतात. त्याशिवाय ते होत नाही. म्हणून तिवशाहून मामा आला: गिरजेचा भाऊ पुंजाजी, बाविशीचा. चार दिवसांचा गाडीप्रवास करून आला तो थेट माठांच्या सावलीत जाऊन बसला. अंगावरचं धोतर ओलं, खांद्यावर ओलं फडकं, पागोटं भुवयांपर्यंत ओढलेलं. पाच गावचे लोक अंगणात घामानं निथळत होते. भटजींच्या पोटावरून ओघळ वाहत होते. मी जन्मभर कपाळं बघितलेला माणूस. पुंजाजीचं कपाळ कोरडं होतं.

मग तो कुणाशी तरी बोलला आणि मला त्याचं तोंड दिसलं. वर दोन दात, खाली दोन, तेही मांजरासारखे टोकदार. जाड ओठ, बसकं नाक, डोळ्यांभोवती काळसर सुरकुत्या. मी किसनाकडं पाहिलं. तेच ओठ, तेच नाक, तेच कपाळ. 

न्हाव्याला कुणाशी एकांतात बोलायचं असेल तर एक सोय असते. मी मोठ्यानं म्हटलं, "मामाची दाढी आधी! मामा साजरा दिसला पायजे!" आणि पुंजाजीला गोठ्यामागं नेऊन बसवलं. पागोटं काढलं तर डोक्यावर चार विरळ केस. दाढी मात्र चारचौघांसारखी. हनुवटी धरली आणि विचारलं.

"पुंजाजी, घाम येत नाई ना तुले?"

मी वस्तरा गळ्याशी टेकवला. घाबरवायला नाही, तिथंच दाढी होती.

"नाई," तो म्हणाला. "जलमापासून नाई. मामालेबी नाई. त्याच्या मामालेबी नवता म्हनतात."

"मंग उन्हाळा कसा काढतं बाप्पा?"

"मळ्यात. वेलीच्या सावलीत, पाटाच्या पान्यात. आंगावर ओलं फडकं. फडकं वाळलं का जीव घाबरते. म्हनून तर मायनं मले लहानपनीच आजोळी धाडलं."

"अन् हे किसनाच्या घरी कोनाले सांगतलं काहून नाई?"

त्याचे डोळे भरून आले. "मायनं शपथ घातली हाय, मलेबी अन् गिरजालेबी. बोललं तर पोरीचं घर तुटते म्हने."

दाढी अर्धीच झाली होती आणि माझा हात थांबला. मी त्या घरी चार पुरुषांचे दात मोजले होते, आणि ज्याचे मोजायचे तो आजोळी पानमळ्यात बसला होता. मी वाटेत तिवशाला वळलो असतो तर! पण रोडगे गरम होते आणि मला परतायची घाई होती.

आता अडचण बघा. खरं सांगावं, तर हे गिरजेच्या आईकडून आलंय हे पाच गावांना कळणार, आणि बनाबाई त्याच दिवशी तिचं गाठोडं बाहेर फेकणार. गप्प राहावं, तर वैशाखाला तीन आठवडे उरलेत, आमराई तुटलेली, अंगण तव्यासारखं. मग पोर जाणार, आणि त्याच्यामागून गिरजाही घराबाहेर जाणार. आणि मी 'कुळ निर्मळ हाय' म्हणणारा न्हावी. खरं सांगितलं तर माझाही धंदा बसणार, हेही मनात आलं. खोटं कशाला बोलू, सगळ्यात आधी तेच आलं.

अंगणात पाट मांडला. पुंजाजी बसला, किसना मांडीवर. वाजंत्री थांबली. मी किसनाचं टोपडं काढलं. डोक्यावर मोजून अकरा केस होते. चांदीची वाटी, चांदीचा वस्तरा, पाच गावं आणि अकरा केस! एक बाई फसकन हसली आणि तिनं तोंडात पदर कोंबला.

मी वस्तरा खाली ठेवला.

"उकंडराव," मी म्हणालो, "जावळ होत नाई."

"काहून होत नाई?" उकंडराव उडालाच.

"जावळ म्हंजे जलमाचे केस. ते अजून उगवलेच नाईत. नुसत्या कातड्यावर वस्तरा फिरवला तर म्हालीले पाप अन् पोराले ताप."

ताप म्हटल्याबरोबर दोन-तीन बायकांनी आपली पोरं जवळ ओढली. मागचं पोर सगळ्यांच्या डोळ्यांपुढं होतं.

"मंग आता?"

"आता काय? पोरगं मामाच्या मांडीवर बसलं. बसलं म्हंजे जावळ सुरू झालं. ते पुरं होईस्तोवर मामानं त्याले मांडीवरून खाली ठेवू नाई. केस उगवेस्तोवर पोरगं मामाच्या घरी राहीन."

हा नियम कुठला? त्याच क्षणी माझ्या डोक्यातून निघालेला. भटजी सावरून बसले. "हे कोणत्या पोथीत आहे रे?"

"महाराज, पोथी तुमची, वस्तरा माहा," मी म्हणालो. "केसांचं शास्तर म्हाल्याच्या घरी राह्यते. आन् तुमची पंगत थंडी होऊन राहिली."

भटजींनी पंगतीकडं पाहिलं. श्रीखंड उन्हात पातळ होत होतं. "शास्त्रापेक्षा रूढी बलवान," ते गंभीरपणे म्हणाले. देव त्यांचं भलं करो, भूक लागली की त्यांच्याइतका समजूतदार ब्राह्मण दुसरा नव्हता.

उकंडराव अजून घुटमळत होता. मग मला आठवलं, हा शेतकरी आहे. "पाहा," मी म्हटलं, "बी पेरलं अन् पानी नाई देल्लं तर उगवते का? डोक्याचंबी तसंच हाय. मामाच्या मळ्यातल्या पाटाचं पानी, ओल्या फडक्यानं, दिवसभर आंगावर ठेवा लागते. उन्हाळाभर. वाळू द्यायचं नाई." हे त्याला पटलं. माणसानं कितीही चांदी घातली तरी पाण्याची गोष्ट शेतकऱ्याला पटतेच. पोरगं अंगावर पिणारं, म्हणून आईही जाणार, हे ओघानं आलं.

बनाबाई मात्र माझ्याकडं टक लावून बघत होती. जाताना जवळ येऊन म्हणाली, "म्हाली, माह्या नातवाले तिकडं काई झालं तर तुह्याच वस्तऱ्यानं तुहं नाक कापीन." मी म्हटलं, जी.

सुरू केलेलं जावळ न्हाव्यानं अर्ध्यावर सोडू नये, हाही नियम मीच काढला आणि गाडीबरोबर गेलो. खरं म्हणजे गावात थांबायची हिंमत नव्हती. आम्ही पहाटे आणि सांजवेळी चालायचो, दुपारी नाल्याच्या झाडीत गाडी सोडायचो. पुंजाजी आणि किसना, मामा-भाचे दोघंही ओल्या धोतरात गुंडाळलेले. कापसाच्या गाड्यांची रांग समोरून यायची, गाडीवान विचारायचे, "काय माल हाय?" मी सांगायचो, "पानं हायेत, वाळू नाई म्हनून भिजवली."

तिसऱ्या दुपारी, अमरावतीच्या अलीकडं, पुंजाजी झोपला असताना गिरजा माझ्याशी पहिल्यांदा बोलली. तिच्या तोंडावर पदर नव्हता. समोरचे दोन दात खिळ्यासारखे बारीक होते.

"म्हालीबुवा, तुमाले समजलं ना सगळं?"

"समजलं."

"तुमी माह्या बापाचे दात मोजले. काकाचे मोजले. माह्या मायले एक शब्द इचारला असता तर?"

मी उसना जोर आणून म्हणालो, "इचारलं असतं तर तिनं सांगतलं असतं का?"

"नसतं सांगतलं," गिरजा म्हणाली. "पन तुमी इचारलं तर नाई ना."

मी धोपटीचा बंद उगाच सोडून पुन्हा बांधला. मग ती स्वतःशीच बोलल्यासारखं बोलायला लागली; सासूला ती आत्याबाई म्हणे. "पयल्याले ताप आला तवा मले समजलं होतं. मी फडकं भिजवून घातलं. आत्याबाईनं काढलं, सर्दी होते म्हने, अन् वरून गोधडी घातली. मी दुसऱ्यांदा घातलं. त्यायनं पुन्ना काढलं. तिसऱ्यांदा मी घातलंच नाई. घातलं असतं तर त्यायनं इचारलं असतं, हे कोनी शिकवलं तुले म्हनून." ती किसनाच्या अंगावरचं फडकं उचलून नाल्यावर गेली. मी बैलांकडं तोंड करून बसलो आणि रडलो. बैलांना त्याचं काही वाटत नाही.

पानमळा ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो. शेवग्या-पांगाऱ्याच्या झाडांवर नागवेली चढवलेल्या, चहूकडून कुडाचं कुंपण, आणि आतल्या पाटांतून दिवसभर पाणी खेळतं. बाहेर वणवा असला तरी आत अंगावर शिरशिरी येते. गिरजेचा म्हातारा मामा तिथंच साठीला पोचला होता, तोंडात एक दात घेऊन. त्यानं किसनाला हातात घेतलं, हिरड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "आपलाच हाय."

पुढचं थोडक्यात सांगून टाकतो. किसना जगला. त्याचे केस काही आले नाहीत, त्यामुळं माझ्या कायद्याप्रमाणं त्याचं जावळ अजून व्हायचंच आहे. दर उन्हाळ्यात माय-लेक तिवशाला आणि हिवाळ्यात अकोल्याला, असा शिरस्ताच पडला. अमेरिकेतली लढाई संपली, भाव कोसळला, उकंडरावाचा पुन्हा उकंडाजी झाला आणि त्यानं बांधावर परत आंब्याच्या कोयी लावल्या. किसना आता मळ्याचा धनी आहे. वऱ्हाडभर त्याची पानं जातात, पण त्यानं स्वतः जन्मात विडा चावलेला नाही. मीही एक गोष्ट बदलली. सोयरिकीला गेलो की आधी विचारायला लागलो, "मामा कुठं हाय?" आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईशी दोन शब्द बोलल्याशिवाय उठेनासा झालो. हे दुखणं लेकींच्या पोटातून गुपचूप जातं आणि नातवांच्या तोंडात दिसतं, एवढं मला पुढच्या तीस वर्षांत चार घरं पाहून कळलं. लोक म्हणायला लागले, हा म्हाली चुलीपाशी बसून चौकशा करतो. बोलावणी कमी झाली.

पण त्या पहिल्या उन्हाळ्यातली एक दुपार राहिली.

ज्येष्ठ लागला होता, पावसाचा पत्ता नव्हता. एक दिवस बनाबाई माझ्या दाराशी उभी. "चाल. मले दाखव कसं पानी घालतात ते." नवऱ्याला न सांगता तिनं गाडी जुंपली होती. चार दिवस ती वाटेत एक शब्द बोलली नाही. बनाबाई चार दिवस गप्प, हे मी गावात सांगितलं असतं तर मला वेड्यात काढलं असतं.

मळ्यात शिरलो तेव्हा किसना पाटात बसून पाण्यावर हात आपटत होता. अंगावर फडकं. आजीला बघून तो सगळ्या हिरड्या दाखवून हसला. गिरजा उठली, पाया पडली, आणि परत फडक्यापाशी जाऊन बसली. बनाबाई वेलीखाली टेकली. गिरजेनं फडकं भिजवलं, पिळलं, पोराच्या पाठीवर घातलं. थोड्या वेळानं काठ वाळले, पुन्हा भिजवलं. बनाबाई बघत राहिली. तिसऱ्या खेपेला तिनंच फडकं सुनेच्या हातातून घेतलं, पाण्यात बुडवलं, आणि तिचे हात तिथंच थांबले.

"गिरजे."

"जी."

"पयल्यालेबी तूनं असंच घातलं होतं." बनाबाई पाण्याकडं बघत बोलत होती. "मी काढलं. दोन डाव काढलं."

बनाबाई माझ्याकडं वळली. तो चेहरा मी पूर्वी कधी पाहिला नव्हता.

"म्हाली, तू सांग. राहू देल्लं असतं तर तो वाचला असता का?"

पाच गावांसमोर नवं शास्त्र रचणारा मी, पण हा निवाडा माझा नव्हता. मी गिरजेकडं पाहिलं. तीन वर्षं या बाईनं तिला चारचौघांत पोरखाऊ म्हटलं होतं. आता एकच शब्द बोलायचा होता, आणि तो खरा होता. बोलली असती तर मी तिला दोष दिला नसता.

गिरजेनं पोराच्या कपाळावर हात ठेवून पाहिला. मग म्हणाली, "नाई, आत्याबाई. त्याचा तापच येगळा होता. फडक्यानं काई झालं नसतं."

बनाबाईला ते खरं वाटलं की नाही, मला सांगता येत नाही. तिनं फडकं पिळलं, किसनाच्या पाठीवर घातलं, आणि ते वाळायच्या आतच पुन्हा उचलून पाण्यात बुडवलं. सांज होईस्तोवर तिनं ते काम दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.